इम्प्लांटचा आजन्म हिशेब

१९७८ मध्ये मेलबर्न येथे ग्रॅम क्लार्क यांनी बहुवाहिनी कॉक्लिअर इम्प्लांट एका बधिर रुग्णाच्या कानात बसविले. आज या बाजारात सिडनीची कॉक्लिअर, इन्सब्रुकची मेड-एल आणि ॲडव्हान्स्ड बायॉनिक्स या कंपन्या आघाडीवर आहेत. जन्मतः बधिर बालकाची शस्त्रक्रिया जितकी लवकर, तितकी वाणी फुलण्याची आशा अधिक; म्हणून पालक लाखोंची किंमत घासाघीस न करता देतात. खरा खर्च पुढेच असतो. कानामागचा प्रोसेसर, वायरी, बॅटऱ्या झिजतात, आणि एका कंपनीचा प्रोसेसर दुसरीच्या इम्प्लांटला चालत नाही. पेढीसाठी वजनकाटा घेतानाही सुट्या भागांची चौकशी करणाऱ्यांनी ती येथे शस्त्रक्रियेपूर्वीच करावी. केंद्राच्या ॲडिप योजनेतून गरजू बालकांना इम्प्लांट मिळते. हमीची मुदत संपल्यावर बॅटऱ्यांचा भार मात्र घरावरच येतो.