रुपेरी खोकड

आपल्याकडे माळावर खोकड असते. पुष्कळ लोक त्यालाही कोल्हाच म्हणतात. पण ही दोन जनावरे निराळी. खोकड लहान असते, शेपूट मात्र झुबकेदार!

थंड मुलखातही एक खोकड असते. तिथे बर्फ पडतो. म्हणून त्याच्या अंगावर दाट, मऊ लव असते. लवेसकट कातडे कमावून त्याचे कोट नि गळपट्टे करतात.

हे खोकड बहुधा तांबडे असते. पण कधी कधी एकाच वेतात तांबड्या पिल्लांबरोबर एखादे काळे निघते. त्याच्या काळ्या केसांची टोके पांढरी असतात, म्हणून ते रुपेरी दिसते. असे का होते? काळा रंग वंशात लपून राहतो. आई आणि बाप, दोघांकडून आला तरच पुरता उघडा पडतो. मग एकाच वाणाचे रुपेरी नर-मादी जोडीला लावले, तर पिल्ले रुपेरीच होणार!

कॅनडा देशात प्रिन्स एडवर्ड नावाचे बेट आहे. तिथे चार्ल्स डाल्टन व रॉबर्ट औल्टन यांनी १८९० नंतर हेच साधले. खोकड जमीन उकरण्यात पटाईत. म्हणून तारेची जाळी जमिनीत खोल पुरली, आणि वाण बाहेर जाऊ दिले नाही. १९१० साली लंडनच्या लिलावात २५ रुपेरी कातडी विकली गेली. दर कातड्याला सरासरी १,३८६ डॉलर पडले! तांबडे कातडे त्याच्या पासंगालाही पुरत नसे. ऊब तीच, जनावर तेच, पैसा रंगाचा! आम्हांला तर हे अजबच वाटते.

पुढे जिवंत जोड्या विकू लागल्या. लोकांना हाव सुटली. न जन्मलेल्या पिल्लांचेही सौदे झाले बरं का! १९१४ साली महायुद्ध पेटले आणि बाजार कोसळला. चढ्या भावाने जोड्या घेणारे अडकले. युद्धानंतर धंदा पुन्हा उभा राहिला. श्रीमंत बाया डोक्या-शेपटीसकट अख्खे कातडे खांद्यावर मिरवीत. १९४० नंतर ती चाल मागे पडली.

एका कोटाला अनेक खोकडे मारावी लागतात, आणि मरेपर्यंत ती पिंजऱ्यात असतात. म्हणून ब्रिटनमध्ये २००० साली लवेसाठी जनावरे पाळण्याविरुद्ध कायदा झाला. भारताने २०१७ साली अशी कातडी बाहेरून आणणे बंद केले. आपल्या माळावरच्या खोकडाला १९७२ च्या कायद्याने संरक्षण आहे.