पाळी गेल्यानंतर रक्त जाणे : तपासणी लांबवू नका



शेतकी खात्याच्या माणसाने हा विषय का काढावा, असे वाटेल. पण बोलायची लाज वाटते म्हणून हे दुखणे घराघरांत झाकून राहते. आणि उसाच्या उदाहरणाने ते लवकर समजते.

लाल कूज लागलेला ऊस सुरुवातीला वरून हिरवागार दिसतो. कांडे उभे चिरले, आत तांबडा रंग आणि मधे पांढरे आडवे पट्टे दिसले, की रोग ओळखावा. गर्भपिशवीच्या कर्करोगाचेही तसेच आहे. आतला तुकडा तपासल्याशिवाय पक्के निदान होत नाही.

पाळी बंद होऊन वर्ष उलटल्यावर रक्ताचा एक डाग जरी दिसला, तरी ‘पाळी परत आली’ असे समजू नये. घाबरूनही जाऊ नये. अशा दहा बायकांत कर्करोग साधारण एकीलाच निघतो. बाकीच्यांना अस्तर सुकणे, आत मस असणे अशी साधी कारणे असतात. पण ती एक कोण, हे तपासल्यावरच कळते.

सोनोग्राफीत पिशवीचे अस्तर ४ मिलिमीटर किंवा त्याहून पातळ असेल, तर नेहमीच्या कर्करोगाची शक्यता फार कमी. मात्र सीरस, क्लिअर सेल हे दुर्मीळ व जहाल प्रकार उतारवयात जास्त आढळतात आणि पातळ अस्तरातही असू शकतात. म्हणून रक्त पुन्हा गेले, तर सोनोग्राफी चांगली असली तरी तुकडा तपासून घ्यावा. पॅप तपासणीवर विसंबू नये. ती पिशवीच्या तोंडाची असते.

सार्कोमा हा पिशवीच्या मांसल भागातला कर्करोग. तो अस्तराच्या तुकड्यात सापडेलच असे नाही. साधी गाठ पाळी गेल्यावर बहुधा आकसते. ती वाढत असेल, तर डॉक्टरांना जरूर सांगावे. अशी गाठ पोटातच यंत्राने बारीक करून काढल्यास लपलेला रोग पसरू शकतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१४ साली तसा इशारा दिला होता.

‘पिशवीच काढून टाका’ असा सल्ला मिळाला, तर आधी तुकड्याचा रिपोर्ट मागावा. काढलेली पिशवीही प्रयोगशाळेत पाठवायला सांगावे.

तरी ‘तोड उरकल्यावर बघू’ असे म्हणून घरातल्या आईची, सासूची तपासणी लांबवू नये, ही सर्व सभासदांना विनंती.

– ऊस विकास अधिकारी