कोळसा विषारी वायू पकडतो. पण सगळेच नाही!

फ्रिजमधला उग्र वास घालवायला अनेक गृहिणी आत कोळशाचे दोन तुकडे ठेवतात. औषधाच्या बाटलीतली सिलिका जेलची छोटी पुडी आतला दमटपणा ओढून घेते. या दोन्हींमागचे तत्त्व एकच : अधिशोषण. स्पंज पाणी पोटात घेतो. अधिशोषणात मात्र वायूचे रेणू घन पदार्थाच्या पृष्ठभागाला चिकटून बसतात.

नारळाच्या करवंटीचा कोळसा सुमारे ९०० अंश सेल्सिअसला वाफेत तापवला, की त्यात असंख्य सूक्ष्म छिद्रे तयार होतात. अशा एका ग्रॅम सक्रिय कोळशाचा पृष्ठभाग १००० चौरस मीटरपर्यंत भरतो. म्हणजे चिमूटभर भुकटीत जवळजवळ चार टेनिस कोर्ट! रंगाच्या कारखान्यांत टोल्यूईनसारख्या द्रावकांची वाफ या कोळशाच्या थरात अडवता येते. थर भरला की गरम वाफ सोडून द्रावक परत मिळवतात आणि कोळसा पुन्हा वापरतात. वेळीच तसे केले नाही, तर विष सरळ पार होते.

छत्तीसगडमधील जामुल सिमेंट कारखान्यासाठी ओळखले जाते. सिमेंटची धूळ कापडी पिशव्यांच्या गाळणीत अडकते. वायू मात्र त्या कापडातून आरपार जातो. जामुलच्या शेजारीच भिलाईचा पोलाद कारखाना आहे. १२ जून २०१४ रोजी तेथे झोतभट्टीच्या वायूची गळती होऊन सहा जणांचा बळी गेला. मृतांत दोन वरिष्ठ अधिकारीही होते.

या वायूतला घातक घटक म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. त्याला ना रंग, ना वास. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट धरतो. त्याचे रेणू लहान व हलके असल्याने साधा सक्रिय कोळसा त्यांना धरून ठेवू शकत नाही. तोंडाला बांधलेला रुमाल तर निरुपयोगीच. अशा ठिकाणी शिरायचे, तर शुद्ध हवेचे नळकांडे पाठीवर हवे आणि वायूची सूचना देणारे यंत्र जवळ हवे.

हा धोका फक्त कारखान्यातच असतो असे नाही. थंडीच्या रात्री बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवली, तर तिथेही हाच वायू साचतो. वास शोषणारा कोळसा जळू लागला, की असा जिवावर उठतो. म्हणून शेगडी खोलीबाहेरच ठेवावी आणि झोपण्यापूर्वी ती पूर्ण विझवावी.