रेगड आणि व्हीलचेअर
पैनगंगेवरचा सहस्रकुंड धबधबा, औसा तालुक्यातली खरोसा लेणी. इथवर गाडी जाते, व्हीलचेअर अडते ती पुढच्या काही पावलांवर. गाडीला हाताने चालणारा ब्रेक किंवा बाजूची चाके बसवली की आरटीओत नोंद करून घ्याच. 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात अशा वाहनांची व्याख्या आली आहे. मुक्कामाचा तंबू मुरमाड जागेवरच ठोका. पावसानंतर रेगड, म्हणजे काळी माती, खुर्चीच्या पुढच्या लहान चाकांत गच्च बसते आणि खुर्ची जागची हलत नाही. झोपायची खाट खुर्चीच्याच उंचीची हवी. मणक्याला मानेजवळ इजा असेल तर त्याखालच्या अंगाला नीट घाम येत नाही. म्हणून मराठवाड्याचा उन्हाळा टाळून दिवाळीनंतर निघावे. पर्यटनस्थळी उतार आणि रुंद दाराचे शौचालय हक्काने मागा, 2016 चा दिव्यांग हक्क कायदा पाठीशी आहे.