बोली लाडवाची, हिशेब गल्लीचा

हैदराबादजवळच्या बाळापूर गावचा गणपतीचा लाडू १९९४ साली पहिल्यांदा लिलावात निघाला आणि ४५० रुपयांना गेला. घेणारे कोलन मोहन रेड्डी शेतकरी होते. लाडवाचा काही भाग त्यांनी शेतात टाकला आणि पीक जोमात आलं, अशी हकिकत गावात सांगतात. पुढच्या वर्षी त्यांनीच तो साडेचार हजारांना घेतला. तिथून बोली चढतच गेली. २०२० साली करोनामुळे लिलाव झाला नाही. २०२४ साली २१ किलोंचा हा लाडू ३० लाख १ हजाराला गेला, तर २०२५ साली ३५ लाखांना. पैसा गावातली देवळं, शाळा आणि इतर सोयींवर खर्च होतो, म्हणून एवढ्या रकमेचं गावाला काही वाटत नाही.

बाळापूरचा आकडा अनंत चतुर्दशीच्या सकाळी टीव्हीवर गाजतो. खरी मजा मात्र आदल्या संध्याकाळी गल्लीबोळांत असते. हैदराबादेतल्या आमच्या तारनाक्यात गणपती बसतो तो बहुधा अपार्टमेंटच्या सेलारमध्ये, म्हणजे तळघरात, दोन मोटारी बाहेर काढून केलेल्या जागेत. परिसर उस्मानिया विद्यापीठाच्या शेजारचा. प्रयोगशाळांतून नि कॉलेजांतून निवृत्त झालेली मंडळी जास्त. बोली लावताना ती इतकी चेकाळतील असं मला वाटलं नव्हतं. मी गेलो होतो केवळ शेजारधर्म म्हणून, जेवणाच्या वेळेपर्यंत परतायचं ठरवून.

पाच किलोंचा लाडू पिवळ्या पारदर्शक कागदात बांधून देवापुढे ठेवलेला. सेक्रेटरींनी आधी वही उघडली आणि मागच्या वर्षीच्या लाडवाचे पैसे कुठे गेले ते वाचून दाखवलं: वॉचमनच्या मुलांची शाळेची फी, वह्यापुस्तकं, उरलेले बँकेत. मग तेलुगू रिवाजाप्रमाणे १,११६ रुपयांपासून सुरुवात. ‘ओकटो सारी, रेंडो सारी’ होई आणि ‘मूडो सारी’ म्हणायच्या आत कुणीतरी हात वर करी. दुसऱ्या मजल्यावरच्या महिला मंडळाने वर्गणी काढून बोली लावली होती. त्यांच्यासमोर एक निवृत्त प्राध्यापक हट्टाला पेटले. शेवटी लाडू महिलांकडे गेला. टाळ्या संपायच्या आत प्राध्यापक म्हणाले, ‘‘माझी शेवटची बोली पण लिहून घ्या. लाडू नको, पैसे देतो.’’ त्यांचं पाहून आणखी दोघांनी तसंच केलं. गल्ल्यात आलेली रक्कम लाडवाच्या किमतीच्या दुप्पट झाली. जेवायला उशीर झाला, त्याचं कुणालाच काही वाटलं नाही.

प्राध्यापकांनी भाबडेपणाने जे केलं, त्याला अर्थशास्त्राचा आधार आहे. नेहमीच्या लिलावात पैसे जिंकणाराच भरतो. हरणाऱ्यांची द्यायची तयारी तशीच घरी परत जाते. शिवाय देणगीच्या लिलावात दुसऱ्याने मोठी रक्कम भरली तरी काम होणारच असतं, त्यामुळे त्याच्यावर चढायचा जोर थोडा ओसरतो. गोरी, मासलँड, ऑन्डरस्टाल आणि टर्नर या चौघांनी २००५ साली ‘जर्नल ऑफ पोलिटिकल इकॉनॉमी’त हे गणिताने मांडलं. त्यांच्या मते निधी जमवायचा तर हरणाऱ्यांनीही आपली बोली भरावी, ही पद्धत सरस. एकाऐवजी अनेकांनी पैसे भरण्याची आणखी एक रीत आहे: हैदराबादच्याच बंडलागुडा भागातल्या कीर्ती रिचमंड व्हिलाजमध्ये रहिवासी गट करून, पैसे एकत्र टाकून बोली लावतात. तिथला लाडू २०२४ साली १ कोटी ८७ लाखांना आणि २०२५ साली २ कोटी ३१ लाखांच्या पुढे गेला. पैसा त्यांच्याच धर्मादाय ट्रस्टकडून संस्थांना जातो. एकट्या धनिकाला हे जमलं नसतं.

आपल्याकडे हा प्रकार नवा नाही. गोव्याच्या देवळांत देवाला वाहिलेल्या फळांची, नारळांची पावणी, म्हणजे लिलाव, होते. सांगली-कोल्हापूरकडच्या जैन समाजात पूजेच्या मानासाठी सवाल, म्हणजे बोली, बोलले जातात. हरिजन निधीसाठी १९३३-३४ साली देशभर फिरताना गांधीजी मिळालेली मानपत्रंसुद्धा भर सभेत लिलावात काढत. घासाघीस करून भाजी घेणारा माणूस चारचौघांत देवाच्या किंवा सत्कार्याच्या नावावर पाचपट रक्कम बोलतो. यात थोडी मिरवण्याची हौस असते. ती असायला माझी हरकत नाही. गुप्तदानाची वाट पाहत बसलं तर फी भरायची तारीख उलटून जाते.

हरकत आहे ती बोलून पैसे न भरण्याला. उत्साहात आकडा सुटतो आणि वसुलीसाठी सेक्रेटरींना वर्षभर जिने चढावे लागतात. बाळापूरकरांनी त्यावर अलीकडे तोडगा काढला: बोलीत उतरायचं तर मागच्या वर्षीच्या लाडवाएवढी रक्कम आधी जमा करा. गल्लीत इतकी कडक शिस्त कुणी पाळणार नाही, पण निम्मी रक्कम त्याच रात्री घ्यायला काय हरकत आहे?

तुमच्या मंडळात यंदा लिलाव ठेवणार असाल तर दोन गोष्टी करा. पहिली बोली पुकारण्याआधी मागच्या वर्षीचा हिशेब माइकवरून वाचा, आणि हरणाऱ्यांसाठीही पावतीपुस्तक उघडं ठेवा.