गुजरीतला भिंगाचा दिवस

सकाळी साडेदहा. दुकान उघडलं की आधी वजनकाटा शून्यावर आणतो, मग दहापटीचं भिंग पुसतो. देवीचं दर्शन घेऊन लोक कोल्हापूरच्या या गुजरीत, सराफांच्या पेठेत, उतरू लागतात. आज पहिला आला तो गडहिंग्लजकडचा पोरगा. "काका, मोबाईलवर बघितलंय, असल्याला लाखभर येत्यात." स्टीलचा रुपया, सालाचे आकडे दुहेरी.

मी भिंग त्याच्याच हातात दिलं. "दुसरी रेघ उंच दिसते का?" नाही. ती पायरीसारखी सपाट होती, मूळ आकड्याचीच कड दाबून झालेली, त्यामुळे आकडा उलट बारीक झालेला. टांकसाळीत ठसा सैल बसला असेल तर दाब पडताच तो जरासा सरकतो आणि नुकतंच उमटलेलं अक्षर चेपून जातो. असे रुपये पुष्कळ सापडतात. किंमत एक रुपया.

खरा डबल डाय वेगळा. तिथं चूक ठसा घडवतानाच होते: नक्षी त्यावर दोनदा, किंचित सरकून उमटते. मग दोन्ही आकृत्या फुगीर दिसतात, अक्षरांच्या टोकांना खाच पडते, आणि त्या ठशाच्या प्रत्येक नाण्यावर तेच दुहेरीपण तसंच येतं. अमेरिकेचा १९५५ चा लिंकन सेंट यासाठीच प्रसिद्ध आहे. त्यावरचं साल नुसत्या डोळ्यांनीही दुहेरी दिसतं. पोरगा हिरमुसला, पण भिंग मात्र लवकर सोडेना. मला त्याचं फार बरं वाटलं.

दुपारी एक. झिजलेल्या ठशाची दोन नाणी आली. अक्षरं पसरट, कडा धूसर. परत दिली.

तीन वाजता 'लखी' म्हणून एक नाणं आलं. खऱ्या लखीत आधीचं नाणं ठशाला चिकटून राहतं आणि पुढच्या चकतीवर तीच बाजू खोलगट, आरशातल्यासारखी उलटी उमटते. इथं उलट्या अक्षरांखाली मूळ नक्षी शिल्लक होती आणि मागची बाजू चेपलेली. दोन नाणी शेगड्यात धरून आवळली की असं होतं. ही चूक नव्हे, लबाडी आहे, आणि तसं तोंडावर सांगितलंच पाहिजे.

पाच वाजता पन्हाळ्याच्या आजी शिवराई घेऊन आल्या. 'छत्र पति' दोनदा उमटलेलं. शिवराई हातोड्यानं पाडत. दुसरा घाव सरकला की अक्षर दुहेरी होणारच. त्याचे जादा पैसे नाहीत. पण अक्षरं ठसठशीत होती, म्हणून भाव चांगला दिला.

साडेसातला इतिहासाच्या बाई आल्या की विषय इथल्या ब्रह्मपुरीच्या उत्खननाकडे वळतोच. सातवाहनकाळात कोल्हापुरात कुर राजांची धनुष्यबाणाची नाणी चालत. माढरीपुत्र शिवलकुरानं वासिष्ठीपुत्र विळिवायकुराच्या नाण्यांवर आपला ठसा मारला; गौतमीपुत्र विळिवायकुरानं पुढं त्या दोघांच्याही नाण्यांवर. खाली कोण आणि वर कोण, एवढ्यावरून अभ्यासकांनी तिघांचा क्रम लावला. दुहेरी ठशाचं यापेक्षा मोठं मोल मला तरी ठाऊक नाही.

नाणं दाखवायला जरूर आणा, फक्त चिंचेनं घासून आणू नका. आणि जुन्या नाण्याला लाखो मिळवून देतो म्हणून कुणी आधी फी मागितली तर एक पैसाही देऊ नका; रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२१ मध्येच आपल्या नावानं चालणाऱ्या अशा फसवणुकीबद्दल सावध केलं आहे.