नमाज, रोजा आणि रोजी: गैरसमज आणि वस्तुस्थिती

गेवराई तालुक्यातलं चकलांबा हे आसपासच्या वाड्यावस्त्यांचं पोलीस ठाण्याचं गाव. कापूस-तुरीच्या हंगामात गावात हाताला काम असतं. दसरा-दिवाळी उलटली की बीड जिल्ह्यातल्या कितीतरी गावांप्रमाणे या भागातूनही ऊसतोडीच्या गाड्या निघतात. बारावी किंवा आयटीआय झालेली पोरं पुण्याकडे, नाहीतर संभाजीनगरच्या वाळूज, शेंद्र्याच्या एमआयडीसीकडे बघू लागतात.

यातला एखादा पोरगा पाच वक्त नमाज पढणारा असला, तर त्याला दोन्ही बाजूंनी सल्ले मिळतात. एक म्हणतो, "दाढी काढ, नमाजचा विषय काढू नको, मग कुणीही ठेवून घेईल." दुसरा म्हणतो, "शहरात दीन टिकत नाही, त्यापेक्षा घरीच थांब." दोघांनाही पोराची काळजी आहे. पण दोघांनीही एकच गोष्ट गृहीत धरली आहे: दीन, म्हणजे धर्म, आणि रोजी एकमेकांच्या आड येतात. हे गृहीतक मला मान्य नाही. दीन पाळायला कामातून लागणारी सवलत थोडी असते. खऱ्या अडचणी भलतीकडेच असतात. म्हणून एकेक समजूत घेऊन ती तपासू.

गैरसमज: नमाजी माणूस कामावरून सारखा उठतो.

वस्तुस्थिती: पाच नमाजांपैकी फजर पहाटे, मगरिब सूर्यास्तानंतर आणि इशा रात्री असते. नऊ ते सहाच्या कामात येतात त्या जुहर आणि फार तर असर. जुहरचा वेळ सूर्य माथ्यावरून ढळल्यापासून दुपार उतरेपर्यंत असतो, त्यामुळे ती जेवणाच्या सुट्टीत सहज होते. जुहर असो की असर, चार रकात (आवर्तनं) फर्ज, म्हणजे बंधनकारक नमाज, पढायला सात-आठ मिनिटं पुरतात. सलग काही तास काम झालं की किमान अर्धा तास विश्रांती द्यायची, ही तरतूद १९४८ च्या कारखाना कायद्यापासून चालत आली आहे. तेवढ्यात भाकरीही होते आणि नमाजही.

वेळ मागावा लागतो तो फक्त शुक्रवारी. जुमा, म्हणजे शुक्रवारची दुपारची नमाज, एकट्याने पढता येत नाही, जमातीसोबतच पढावा लागतो. खुतबा (प्रवचन) धरून अर्धा-पाऊण तास जातो. शुक्रवार हा मुसलमानांचा सुट्टीचा वार, असं अनेकांना वाटतं. कुराणातली सूरह जुमा मात्र अजान झाल्यावर व्यवहार थांबवायला सांगते आणि नमाज आटोपली की पुन्हा बाहेर पडून रोजी शोधायलाही सांगते. शहरात सगळ्या मशिदींच्या जुम्याच्या वेळा एक नसतात. शिफ्टला जुळणारी मशीद आधीच बघून ठेवली तर निम्मा प्रश्न सुटतो.

खेड्यात हे कुणाला सांगावंही लागत नाही. शुक्रवारी एकच्या सुमाराला गॅरेजवाला पाना खाली ठेवतो, आधी डिझेलने आणि मग धुण्याच्या पावडरने हात घासतो. नमाजआधी हातपाय धुण्याचं, म्हणजे वजूचं पाणी कातडीपर्यंत पोहोचलं पाहिजे. ग्रीसचा थर निघायला हवा, मागे राहिलेला काळा डाग चालतो. ट्रॅक्टर घेऊन आलेला शेतकरी बाजल्यावर टेकतो आणि म्हणतो, "या जाऊन, मी बसलोय." पाऊण तासाने काम पुन्हा सुरू होतं. गाव जे न बोलता समजून घेतं, ते कंपनीच्या सुपरवायझरला एकदा समजावून सांगावं लागतं. फरक एवढाच आहे.

गैरसमज: मशीद आणि पाणी नसेल तिथं नमाज होत नाही, म्हणून फडातलं, साइटवरचं, गाडीवरचं काम नमाज्याचं नाही.

वस्तुस्थिती: कुठलीही स्वच्छ जागा नमाजला चालते. उसाच्या बांधावर पाचट बाजूला सारून टॉवेल अंथरला की झालं. पाणी मिळतच नसेल किंवा आजारपणामुळे वापरता येत नसेल, तर स्वच्छ मातीवर हात टेकवून वजूऐवजी तयम्मुम करता येतो. लांबच्या प्रवासात चार रकातींच्या दोन होतात, ट्रकवर असलेल्या माणसाला ही मोठी सोय आहे. फडावर मात्र मुक्काम महिनोन्‌महिने असतो. एका ठिकाणी पंधरा दिवस किंवा जास्त राहायचा इरादा असला, तर हनफी पंथाच्या मतानुसार तिथं पूर्ण नमाज पढायची असते. रमजानमध्ये आजारी आणि प्रवासी माणसाला रोजा पुढे ढकलून नंतर कजा करायची, म्हणजे भरून काढायची मुभा आहे. उन्हात राबताना जिवावर बेतत असेल तर रोजा सोडून नंतर तो भरून काढता येतो.

गैरसमज: हलाल-हराम बघत बसलं तर निम्मी कामं बाद होतात.

वस्तुस्थिती: बाद होणाऱ्या कामांची यादी छोटी आहे: दारू, व्याज, जुगार, डुकराचं मांस, फसवणूक आणि अश्लील धंदे. या भागातली कामं या यादीपुढे ठेवून बघा. शेती, गवंडीकाम, वेल्डिंग, वायरिंग, शिवणकाम, जिनिंगमधलं काम, ड्रायव्हिंग, मोबाइल दुरुस्ती, बेकरी, फळांचा गाडा, शिक्षकी, नर्सिंग, तलाठ्याची नोकरी. यातलं एकही काम बाद होत नाही.

खरा पेच मधल्या कामांचा असतो. बिअर बारमध्ये दारू वाढायची नोकरी साफ नको, कारण हदीसमध्ये दारू पिणाऱ्याबरोबर ती वाहणाऱ्याला आणि विकणाऱ्यालाही दोषी धरलं आहे. व्याजाच्या बाबतीत घेणारा, देणारा, लिहिणारा आणि साक्षीदार असे सगळेच त्यात येतात. म्हणून व्याजी कर्जाचे कागद करण्याची बँकेतली नोकरी बहुतेक उलेमा (धर्मपंडित) नाकारतात. त्याच बँकेत वायरिंग किंवा पहारा करणाऱ्याबद्दल मात्र मतभेद आहेत. साखर कारखान्यात गाळपाचं काम हलालच आहे. त्याला जोडलेल्या डिस्टिलरीत पेट्रोलमध्ये मिसळायचं इथेनॉल होतं की पिण्याची दारू, हे विचारून घ्यावं आणि आपल्या भरवशाच्या आलिमचा सल्ला घ्यावा. मित्राच्या व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला फतवा पुरेसा नाही.

आणि एक गोष्ट आपण सहसा विसरतो. हरामाची चर्चा दारू-व्याजावरच थांबते, पण मापात मारणाऱ्यांच्या नावाने कुराणात आख्खी सूरह आहे: मुतफ्फिफीन. कापसाच्या काट्यावर क्विंटलमागे दोन किलो मारणारा माणूस पाच वक्त नमाज पढत असला तरी त्याची रोजी हलाल ठरत नाही. कामचुकारपणा करून पूर्ण हजेरी लावणाऱ्याचंही तसंच.

गैरसमज: दुसऱ्या धर्माच्या मालकाकडे किंवा सरकारात नोकरी करणं दीनदाराला शोभत नाही.

वस्तुस्थिती: कुराणातले यूसुफ पैगंबर आपल्या धर्माच्या नसलेल्या मिसरच्या (इजिप्तच्या) राजाकडे धान्यकोठाराचा कारभार स्वतः मागून घेतात. मूसा पैगंबर आठ ते दहा वर्षांच्या बोलीवर चाकरी करतात. हजरत मुहम्मद पैगंबरांनी तरुणपणी मजुरी घेऊन मक्केच्या लोकांच्या शेळ्या-मेंढ्या राखल्या. मदिनेला हिजरत करताना त्यांनी वाटाड्या म्हणून जो माणूस मजुरीवर घेतला, तो मुसलमान नव्हता. पगार कुणाच्या हातून येतो यापेक्षा काम कसलं आहे आणि ते प्रामाणिकपणे होतं का, हे दीनमध्ये मोठं आहे.

गैरसमज: दाढीवाल्याला सरकारी नोकरी मिळत नाही.

वस्तुस्थिती: सरकारी नोकरीत धर्मावरून भेदभाव करायला राज्यघटनेच्या कलम १६ ने मनाई केली आहे. शिक्षक, तलाठी, लिपिक किंवा आरोग्यसेवक होण्याच्या आड दाढी येत नाही. गणवेशाच्या दलांचं मात्र वेगळं आहे आणि ते लपवून चालणार नाही. जालन्याच्या राज्य राखीव पोलीस दलातल्या एका जवानाने दाढी ठेवण्यासाठी दाद मागितली, तेव्हा २०१२ साली मुंबई उच्च न्यायालयाने निकाल त्याच्या विरोधात दिला. हवाई दलातल्या दाढीबद्दल २०१६ च्या डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने दलाचा नियमच कायम ठेवला.

पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या पोराने हा प्रश्न मैदानावर धावायला लागण्याआधीच स्वतःशी सोडवावा. दाढीबाबत तडजोड नसेल तर दुसरी सरकारी दारं उघडी आहेत. दलातच जायचं असेल तर नियम माहीत असू द्यावा. अल्पसंख्याक उमेदवारांसाठी राज्य सरकारची पोलीस भरतीपूर्व प्रशिक्षणाची योजना आहे, तिची चौकशी करावी.

गैरसमज: मुसलमानाला आरक्षण नाहीच, मग कागद कशाला काढायचे?

वस्तुस्थिती: या एका समजुतीने आपल्या भागाचं सगळ्यात जास्त नुकसान केलं आहे, म्हणून इथं थोडं थांबतो. धर्म म्हणून महाराष्ट्रात आरक्षण नाही, हे खरं. २०१४ साली पाच टक्क्यांचा अध्यादेश निघाला होता, त्याचा पुढे कायदा झाला नाही. पण बागवान, तांबोळी, पिंजारी, मोमीन, अत्तार, मणियार असे कितीतरी मुस्लिम समाज राज्याच्या ओबीसी यादीत आहेत आणि छप्परबंद विमुक्त जातींत येतात. जो या कुठल्याच यादीत बसत नाही आणि ज्याच्या कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत आहे, त्याला इतर अटी पूर्ण करून २०१९ पासूनच्या ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक) आरक्षणाचा दाखला काढता येतो. त्यात धर्माची आडकाठी नाही.

घोडं अडतं ते पुराव्यापाशी. ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा आणि विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा पुरावा मागतात. आजोबांच्या निर्गम उताऱ्यावर जातीच्या रकान्यात नुसतं "मुसलमान" लिहिलेलं असतं. बागवान किंवा पिंजारी ही नोंद मास्तरांनी केलेलीच नसते. अशा वेळी धंद्याचा उल्लेख असलेली जुनी खरेदीखतं, जन्म-मृत्यूच्या नोंदी आणि चुलत घराण्यातले दाखले शोधावे लागतात. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे जुन्या नोंदी बऱ्याचदा उर्दूत आहेत. ट्रंकेच्या तळाशी पडलेला, घरात कुणाला वाचता न येणारा तो पिवळा कागदच नातवाचा दाखला ठरू शकतो. भरतीची जाहिरात निघाल्यावर पंधरा दिवसांत हे जमत नाही. दहावीच्या सुट्टीतच सुरुवात करावी.

गैरसमज: नाव आडवं येतं हा नुसता बहाणा आहे.

वस्तुस्थिती: बहाणा नाही. अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि समाजशास्त्रज्ञ पॉल अटेवेल यांनी २००७ साली 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त एक प्रयोग मांडला. खासगी कंपन्यांच्या ५४८ जाहिरातींना त्यांनी ४,८०८ अर्ज पाठवले. पात्रता सारखी, नावं वेगळी. बोलावणं आलेल्या आणि न आलेल्या अर्जांचं गुणोत्तर उच्चवर्णीय हिंदू नावांसाठी जितकं होतं, त्याच्या जेमतेम एक तृतीयांश मुस्लिम नावांसाठी निघालं. या अर्जांत नमाजचा उल्लेखही नव्हता. दरवाजा नावावरच बंद झाला होता. खासगी नोकरीत धर्मावरून डावलण्याविरुद्ध कलम १६ सारखा सरसकट कायदाही आपल्याकडे नाही.

शेजारच्या जालना जिल्ह्यातल्या शेलगावच्या रिक्षाचालकाचा मुलगा अन्सार शेख २०१५ च्या यूपीएससी परीक्षेत ३६१ वा आला. पुण्यात शिकताना राहायला खोली मिळावी म्हणून हिंदू मित्राचं नाव लावावं लागलं, हे त्यानेच जाहीरपणे सांगितलं आहे. भेदभाव होता आणि तरीही वाट निघाली, हे दोन्ही खरं आहे. एक सांगून दुसरं झाकलं तर पोरांवर अन्याय होईल.

मुसलमानांच्या सामाजिक-आर्थिक स्थितीवरच्या २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालानेही दोन समजुती खोडल्या. शाळेच्या वयाची मुस्लिम मुलं मदरशातच जातात असं म्हणतात. प्रत्यक्षात ते प्रमाण तीन टक्क्यांच्या आसपास निघालं. मुसलमानांना धंदाच आवडतो असंही म्हणतात. स्वतःच्या धंद्यावर पोट असणाऱ्यांचं प्रमाण मुस्लिम कामगारांत ६१ टक्के आणि हिंदूंत सुमारे ५५ टक्के होतं. यातला किती भाग आवडीचा आणि किती नोकरीचा दरवाजा न उघडल्याचा, हे थोरातांच्या अर्जांशेजारी ठेवून वाचावं.

गैरसमज: बाईच्या कमाईला दीनची मंजुरी नाही.

वस्तुस्थिती: पैगंबरांच्या पहिल्या पत्नी हजरत खदीजा स्वतः व्यापार करत होत्या, आणि लग्नाआधी पैगंबर त्यांचाच माल घेऊन शामच्या (सीरियाच्या) वाटेला गेले होते. बाईची कमाई तिची स्वतःची, हेही कुराणात स्पष्ट आहे. आशा सेविका, शिक्षिका, नर्स, शिवणकाम करणारी यांच्या कामाला ओढणीने बाधा येत नाही. खेड्यातल्या पोरीचं पाऊल अडतं ते वेळेवर नसलेल्या एसटीपाशी आणि रात्रीच्या रस्त्यापाशी. एसटीचा आणि रस्त्याचा हा प्रश्न दीनवर ढकलून आपण मोकळे होतो.

मग करायचं काय?

आधी आपली मर्यादा स्वतःशी ठरवा: काय चालणारच नाही आणि काय चालवून घेता येईल. कागद आजच काढायला घ्या. मुलाखतीत आधी आपल्या कामाबद्दल बोला. नोकरी पक्की होत आली की शांतपणे सांगा: "साहेब, शुक्रवारी दुपारी मला पाऊण तास लागेल. सकाळी लवकर येऊन किंवा संध्याकाळी थांबून तो मी भरून काढीन. रोजची नमाज जेवणाच्या सुट्टीत होते." या तीन वाक्यांत लाजण्यासारखं काही नाही आणि मोठं काही मागणंही नाही.

हा लेख वाचणाऱ्या मालकाला, ठेकेदाराला, सुपरवायझरलाही माझी एक विनंती आहे. ही तीन वाक्यं ऐकली की गॅरेजसमोरच्या त्या शेतकऱ्यासारखं म्हणा: "या जाऊन." तुमच्या कामाचा खोळंबा होणार नाही. पाऊण तासाने तो माणूस परत येईल आणि राहिलेलं काम पुढे चालू करील.